आकड्यामागचं नाव

रविवारचा मराठी वर्ग सुटला की दारात पालकांचा घोळका जमतो. ऑकलंडला पहिलं सत्र संपत आलं, हवेत गारवा आला, की त्या घोळक्यात दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, शाळेतून ते अ‍ॅन्झॅकचं होम लर्निंग आलंय. लाल कागदाची पॉपी करायची, बिस्किटं करायची, एका माओरी सैनिकाबद्दल लिहायचं. आपण काल-परवा इथे आलेली माणसं. आपला काय संबंध यात?"

प्रश्न रास्त आहे. पण उत्तराआधी माझी एक फजिती सांगते, म्हणजे मी उपदेशाला बसले आहे असं वाटायला नको. थोरलीच्या वेळी हाच कागद घरी आला, तेव्हा मी रात्री साडेअकरापर्यंत बसून तक्ता केला होता. सैनिकांची छायाचित्रं छापून आणली, कडेने पॉपींची झालर लावली, अक्षरही माझंच. लेक नऊलाच झोपली होती. सकाळी गाडीत सहज विचारलं, "मधल्या फोटोतले ते आजोबा कोण गं?" ती म्हणाली, "आई, तुला माहिती असेल ना." होम लर्निंग झालं होतं, पण माझं.

यंदा धाकट्याची पाळी होती. वय नऊ. कागदावर सहा चौकोन होते, त्यांतले कुठलेही तीन करायचे. त्याने सगळ्यात सोपा चौकोन आधी उरकला. "तुमच्या कुटुंबातलं कोणी युद्धावर गेलं होतं का? घरातल्या मोठ्या माणसाला विचारा." त्याने कोणालाच न विचारता पेन्सिलीने लिहून टाकलं, 'नाही'. मी काही बोलले नाही. बिस्किटांच्या चौकोनापासून सुरुवात करू या, एवढंच म्हटलं.

अ‍ॅन्झॅक बिस्किटं तुम्ही खाल्लीच असतील. ओट्स, मैदा, साखर, खोबऱ्याचा कीस. लोणी आणि गोल्डन सिरप एकत्र वितळवायचं, त्यात गरम पाण्यात कालवलेला खायचा सोडा ओतायचा, की ते मिश्रण भस्सकन फसफसून वर येतं. घरभर पाक लागल्याचा वास सुटतो. अंडं नसल्यामुळे ही बिस्किटं पुष्कळ दिवस टिकतात. मुलांचं एक आहे, समोर बसवून "चल, आता युद्धाबद्दल बोलू" म्हटलं की ती गप्प होतात. हात पिठात असले की आपणहून बोलतात. गोळे वळता वळता त्याने विचारलं, "अ‍ॅन्झॅक दिन २५ एप्रिललाच का गं?"

मग सांगितलं. २५ एप्रिल १९१५ ला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं सैन्य, म्हणजेच अ‍ॅन्झॅक, तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलं. मोहीम फसली. न्यूझीलंडचीच २,७०० हून जास्त माणसं तिथे मेली. त्या जुलैत माओरींची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, तुकडीही तिथे पोचली. तिचं नाव ते होकोफितू आ तू, म्हणजे युद्धदेव तू याचे एकशे चाळीस योद्धे. या तुकडीला आधी माल्टा बेटावर पहाऱ्याला ठेवलं होतं. युरोपीय शत्रूविरुद्ध 'नेटिव' माणसांना लढवावं की नाही, याबद्दल लंडनच्या साहेबांचं मन कचरत होतं. माणसं कमी पडायला लागली तेव्हा मात्र त्यांना बोलावून घेतलं.

इथे थांबले. पालकांचा मोह असा असतो की एकदा मूल ऐकायला लागलं की सगळाच इतिहास त्याच्या ताटात वाढायचा. आकडे त्याच्या डोक्यावरून जातात. माणूस दिला तर तो धरून ठेवतो. म्हणून मी एकच माणूस दिला.

दुसऱ्या महायुद्धात माओरींची स्वतंत्र पलटण होती, २८ वी बटालियन. तिच्या चार लढाऊ तुकड्या इवीनुसार, म्हणजे कुळांनुसार, रचलेल्या. शेजारच्या खंदकात आपलाच चुलतभाऊ किंवा मामेभाऊ. माओरींना सक्तीची भरती लागू नव्हती. गेले ते सगळे आपखुशीने. सुमारे ३,६०० जण परदेशात लढले, ६४९ परतले नाहीत. त्या ६४९ मधला एक मोआना-नुई-आ-कीवा न्गारिमू. त्याच्या पहिल्या नावाचा अर्थ कीवाचा महासागर, म्हणजे आपला प्रशांत महासागर. धाकटा गोळा हातात धरून थबकला. "म्हणजे त्याचं नाव पॅसिफिक होतं?" आता तो माणूस आमच्या ओट्यापाशी येऊन उभा होता.

मार्च १९४३. ट्युनिशियातली एक टेकडी. खांद्याला आणि पायाला जखम होऊनही न्गारिमू रात्रभर जागचा हलला नाही. शत्रू अगदी अंगावर आला तेव्हा दगडांनीसुद्धा लढला. सकाळच्या हल्ल्यात मारला गेला. वय २३. व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालेला तो या पलटणीतला एकमेव. दगडांचा भाग माझ्या लेकाला फार आवडला, हे कबूल करते. त्याने दोनदा सांगायला लावला. नऊ वर्षांच्या मुलाला तो आवडणारच, त्यावरून रागावू नका. फक्त गोष्ट तिथे संपवू नका. मी विचारलं, "मग पुढे त्याच्या घरी काय झालं असेल?"

न्गारिमूला तिकडेच, ट्युनिशियात स्फाक्सच्या युद्धदफनभूमीत पुरलं. माओरींच्यात माणूस गेला की त्याला मराएवर, म्हणजे कुळाच्या सभास्थानी, आणतात. तांगी होते. दिवसरात्र आप्त भोवती बसतात. त्याच्याशी बोलतात, रडतात, भांडतातसुद्धा. त्याला एकटं ठेवत नाहीत. या सैनिकांच्या आयांना तेही मिळालं नाही. ६ ऑक्टोबर १९४३ ला रुआतोरियाच्या मैदानावर हजारो माणसं जमली आणि न्गारिमूच्या आईवडिलांच्या हाती पदक दिलं. लेक विचारात पडला. म्हणाला, "त्याला आणायला कोणी गेलंच नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नसलं तर नसू द्यावं. मुलाच्या प्रश्नावर दरवेळी झाकण ठेवायची गरज नसते.

खरा कठीण प्रश्न जेवताना आला. माओरींकडून घेतलेल्या जमिनीबद्दल ते शाळेत थोडं शिकले होते. "आई, ज्यांनी जमीन घेतली त्यांच्यासाठीच ते लढायला का गेले?"

मोठी माणसं या प्रश्नावर एकतर देशप्रेमाचं भाषण ठोकतात, नाहीतर "सगळं इंग्रजांचं कारस्थान" म्हणून मोकळी होतात. मी त्याला दोन माणसं दिली. सर आपिराना न्गाता हे माओरी पुढारी. त्यांना वाटत होतं, आपली पोरं बरोबरीने लढली तर या देशाला आपल्याला बरोबरीचं मानावंच लागेल. न्गारिमूवरच्या त्यांच्या पुस्तिकेचं नावच 'नागरिकत्वाची किंमत' असं होतं. आणि वाइकातोच्या राजघराण्यातल्या ते पुएआ. १८६३ मध्ये वाइकातोवर सरकारी फौजा चालून आल्या होत्या आणि नंतर सुमारे १२ लाख एकर जमीन सरकारजमा झाली. पहिल्या महायुद्धात वाइकातोच्या तरुणांवर भरतीची सक्ती आली तेव्हा ते पुएआंनी ठाम नकार दिला. आधी आमची जमीन, मग तुमचं युद्ध. पोरांना कैद झाली, तेव्हा तुरुंगाबाहेर जाऊन बसल्या. पोरांना दिसत राहावं म्हणून.

"मग बरोबर कोण?" लेकाने विचारलं. त्याचे बाबा आमटी वाढता वाढता म्हणाले, "तुला काय वाटतं?" तो बराच वेळ भात कालवत राहिला. म्हणाला, "दोघंही त्यांच्या माणसांसाठीच करत होते." याहून चांगलं वाक्य मी त्याच्या कागदावर लिहून दिलं नसतं. त्या दोघांतला एक निवडून मुलाच्या हातात देऊ नका, एवढीच विनंती. न्यायाचं माप मुलांजवळ असतं. न्गारिमूच्याच पलटणीतल्या हाने मानाहीची गोष्ट सांगून बघा. ताक्रूनाच्या कड्यावर त्याने गाजवलेल्या पराक्रमासाठी चार सेनापतींनी व्हिक्टोरिया क्रॉसची शिफारस केली, मिळालं खालचं पदक. २००७ मध्ये, तो जाऊन वीस वर्षं झाल्यावर, राणीचं पत्र आणि तलवार त्याच्या रोटोरुआच्या माणसांकडे आली. "इतक्या उशिरा?" असं तुमचं मूल म्हणेल. म्हणू द्या.

आता त्या 'नाही' कडे येते. शनिवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी नातवाला खूण केली. त्याने कागद समोर धरून विचारलं, "आजी, आपल्यात कोणी वॉरला गेलं होतं का?" सासूबाईंचं माहेर साताऱ्याकडचं. त्या म्हणाल्या, "घरातलं माहीत नाही रे बाळा. पण आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी होती. इंग्रजीत लिहिलेली. आम्ही तिच्यावर पाठ टेकून सागरगोटे खेळायचो. गुरुजींनी एकदा वाचून दाखवली होती. या गावातून इतकी माणसं जर्मन युद्धाला गेली, त्यांतली इतकी मेली."

"त्यांची नावं काय होती?"

"नावं नव्हती. नुसते आकडे होते."

अशा पाट्या आपल्याकडे गावोगाव आहेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं कामी आली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होत्या. न्यूझीलंडने २५ एप्रिल १९१६ ला पहिला अ‍ॅन्झॅक दिन पाळला, त्यानंतर बरोबर चार दिवसांनी तिकडे कूटच्या वेढ्यात उपासमारीने टेकीला आलेली पुण्याची ६ वी डिव्हिजन शरण गेली. तिच्यात आपले मराठेही होते. त्या आघाडीवर मेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला उभं राहिलं. अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक आकडा. हा अन्याय होता, अशी जाहीर कबुली राष्ट्रकुल युद्धदफनभूमी आयोगाने २०२१ मध्ये दिली.

आणि आपली तर वीरगळांची परंपरा. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात झिजलेला दगड उभा असतो. खाली लढाई, वर अप्सरा, त्यावर शिवपूजा. नाव त्याच्यावरही बहुतेक नसतंच, पण गावाला ठाऊक असायचं कोणाचा दगड ते. ते सांगणारी माणसं गेली की दगड मुका होतो.

त्या रात्री मुलाच्या बाबांनी आणखी एक धागा काढला. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनियो नदी. न्यूझीलंडची डिव्हिजन आणि ८ वी हिंदी डिव्हिजन एकाच हल्ल्यात ती नदी ओलांडत होत्या. आपल्या बाजूला होता नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई. त्याने दोन जखमींना सुरुंगांतून पलीकडे नेलं, मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून, पलटणीची आरोळी ठोकत मागच्यांना बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळालं, आणि तो जिवंत घरी आला. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९४४ मध्ये, तिकडेच रायगडच्या यशवंत घाडगेला बाविसाव्या वर्षी मरण आलं. पदक मागाहून मिळालं. माणगावात त्याचा पुतळा आहे. सुट्टीत कोकणात जाताना आम्ही त्याच्यासमोरून कितीदा तरी गेलो असू. वडापाव घ्यायला थांबलो असू. पुतळा कोणाचा, हे मुलांना सांगितलं नव्हतं. आम्हालाच कुठे माहीत होतं?

म्हणून "आपला काय संबंध" याचं माझं उत्तर हे. संबंध आहे, पण 'आमचेही शूर होते' अशी छाती फुगवण्यापुरता नको. वर्गात माओरी मूल आपल्या पणजोबांचं नाव घेऊन उभं राहील, तेव्हा ते नाव टिकवायला त्या घरांनी काय केलं हे आपल्या मुलाला कळावं. मराएच्या भिंतीवर फोटो लावले, दरवर्षी नावं घेतली, नातवंडांना तीच नावं ठेवली. २८ व्या बटालियनचे शेवटचे हयात सैनिक, सर रॉबर्ट 'बॉम' गिलीज, नोव्हेंबर २०२४ मध्ये ९९ व्या वर्षी गेले. आता सांगायचं काम घराघरांवर आहे. आपल्या घरी तर ते अजून सुरूच व्हायचंय.

२५ तारखेला पहाटे पाचला मुलांना उठवून डोमेनच्या टेकडीवर संग्रहालयापाशी नेलं. अंधार, थंडी, गवतावर दव. बिगुल वाजलं आणि एवढ्या गर्दीत कोणी खोकलंसुद्धा नाही. उजाडल्यावर आत गेलो. संगमरवरी भिंतींवर नावंच नावं. धाकटा चवड्यांवर उभा राहून एका नावावरून बोट फिरवत होता.

घरी येऊन त्याने दप्तरातून तो कागद काढला. खोडरबराने 'नाही' घासघासून पुसलं, इतकं की कागद जरा फाटलाच. मग जीभ बाहेर काढून, सावकाश लिहिलं, 'अजून माहीत नाही. आजीच्या गावातून खूप जण गेले होते. त्यांची नावं मी शोधणार आहे.'

मी त्या वाक्यातलं शुद्धलेखन दुरुस्त केलं नाही. सासूबाईंना मात्र फोन लावला, "पुढच्या वेळी माहेरी जाल तेव्हा चावडीवरच्या पाटीचा फोटो काढून पाठवा."