जवसाची चटणी खवट का होते?

प्रश्न : धानानंतर बांधीत जवस घेतो. त्याची चटणी महिन्याभरात खवट लागते. भाजल्याने सत्त्व जाते, तर कच्चेच कुटावे का?
— एक वाचक, मोहाडी

उत्तर : जवसात सुमारे ४० टक्के तेल असते. दाणा फुटला की त्याला हवा लागते आणि खवटपणा सुरू होतो. दोष भाजण्याचा नाही. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजल्याने सत्त्व फारसे जात नाही, उलट कच्च्या दाण्यातील सायनाइड देणारी द्रव्ये कमी होतात. (चमचाभर चटणीत त्यांची भीती नाहीच.) वाटीभर जवसाला पाव वाटी तीळ, ८ सुक्या मिरच्या, चमचाभर जिरे, चवीपुरते मीठ. सारे गार झाल्यावरच कुटावे. लसूण घातल्यास चटणी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावी. अख्खे जवस डब्यात ठेवून लागेल तसे भाजून कुटणे सर्वांत बरे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास रोज खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.