मातीचा नमुना व आंकड्यांचा फेरफार

तिवसा तालुक्यांत एकाच शेतकऱ्याचें एक वावर काळें भारी, तर दुसरें बरड असूं शकतें. दोहोंच्या नमुन्यांचे आंकडे प्रयोगशाळेंत अदलाबदल झाले, तर खताचा सर्व हिशेब फसतो. २०१५ सालीं सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ घटक असतात. ते कोणत्या वावराचे, हें नमुन्याच्या क्रमांकावरूनच ठरतें.

हल्लीं यंत्रास जोडलेला संगणक प्रत्येक मापनाच्या फाइलीस क्रमांक, तारीख व वेळ घालून स्वतःच नांव देऊं शकतो. ‘नवीन १’, ‘नवीन २’ अशीं हातानें दिलेलीं नांवें आठ दिवसांनीं देणाऱ्यासही उमगत नाहींत. मात्र क्रमांकच चुकीचा घातला, तर यंत्र तो निमूटपणें तसाच छापतें!

दुसरी सोय आम्हांस अधिक मोलाची वाटते. आंकडा बदलला तरी जुना पुसला जात नाहीं. कोणीं, केव्हां व कां बदलला, ही नोंद शेजारीं राहते. सातबाऱ्यावर जुनें नांव कंसांत जाऊन फेरफाराचा क्रमांक येतो, तसेंच हें. अमेरिकेंत औषधांसंबंधीच्या संगणकीय नोंदींकरितां असा नियम १९९७ सालीं झाला.

शेतकरी बंधूंनीं नमुन्याच्या पिशवींत नांव व गट नंबराची चिठ्ठी घालावी, आणि पत्रिका येतांच तो नंबर सातबाऱ्याशीं ताडून पाहावा. शंका आल्यास प्रयोगशाळेकडे मूळ नोंद मागावी.