खेळ दोघींचा, रँकिंग एकेकीचं: टेनिस डबल्समधून शिकू या भागीदारी



"मॅडम, मी आणि माझी मैत्रीण मिळून धंदा सुरू करू का?" हा प्रश्न मला सतत येतो. व्हिडिओमध्ये थोडक्यात उत्तर दिलं होतं. आज सविस्तर बोलू, आणि त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातल्या एका टेनिसपटूचं करिअर बघू.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे. जन्म 1994 चा. 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने सानिया मिर्झासोबत महिला डबल्सचं ब्राँझ मिळवलं. वय फक्त 20. दोन वर्षांनी हीच जोडी रिओ ऑलिंपिकमध्ये उतरली. पहिल्याच फेरीत चीनच्या जोडीसमोर 6-7, 7-5, 5-7 अशी हरली. इतकी जवळची मॅच, पण हार ती हारच.

आता धंद्याच्या नजरेने बघा.

धडा 1: मोठा जोडीदार दार उघडतो, दुकान चालवत नाही

रिओच्या वेळी सानिया डबल्समध्ये जगात पहिल्या क्रमांकावर होती. जोडीला ऑलिंपिकचा प्रवेश मिळाला तो तिच्या क्रमांकामुळे. एरवीच्या स्पर्धांतही दोघींच्या रँकिंगची बेरीज करूनच जोडीला प्रवेश देतात. म्हणजे तगडा जोडीदार मिळाला की मोठं दार उघडतं. पण स्पर्धा संपली की तो जोडीदार आपल्या वाटेने जातो. प्रार्थना त्यानंतर वर्षानुवर्षं वेगवेगळ्या देशांच्या खेळाडूंसोबत छोट्या-मोठ्या स्पर्धा खेळत राहिली. 2025 मध्ये मुंबईच्या डब्ल्यूटीए 125 स्पर्धेत नेदरलँड्सच्या आरियान हार्टोनोसोबत ती फायनलपर्यंत पोचली. रिओनंतर जवळजवळ नऊ वर्षांनी! याला म्हणतात टिकणं.

धडा 2: रँकिंग जोडीचं नसतं

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डबल्सचे पॉइंट दोघींना मिळतात, पण क्रमांक प्रत्येकीचा वेगळा. सानिया आणि मार्टिना हिंगिस यांनी 2015 चं विम्बल्डन, यूएस ओपन आणि 2016 चं ऑस्ट्रेलियन ओपन एकत्र जिंकलं. ऑगस्ट 2016 मध्ये जोडी फुटली. त्याच महिन्यात सिनसिनाटीच्या फायनलमध्ये सानिया नव्या जोडीदारासोबत उतरली, समोर हिंगिस! सानिया जिंकली आणि एकटी नंबर वन झाली. जोडी गेली, कमावलेलं नाव तिच्यापाशीच राहिलं.

तुम्हीही स्वतःला विचारा: भागीदारी उद्या संपली तर माझ्याकडे काय उरेल? माल कुठून घ्यायचा हे मला माहीत आहे का? हिशेब मला येतो का? बँकेत माझं स्वतःचं नाव चांगलं आहे का? हे तुमचं रँकिंग.

धडा 3: वाटणी आधी समजून घ्या

2025 च्या विम्बल्डनमध्ये सिंगल्स विजेत्याला 30 लाख पौंड होते. डबल्सच्या विजेत्या जोडीला 6 लाख 80 हजार, तेही दोघांत मिळून. म्हणजे एकाच्या हातात 3 लाख 40 हजार. डबल्स निवडणारी खेळाडू हे गणित माहीत असूनच निवडते. आपण मात्र "बघू नंतर" म्हणतो.

इथे कायदा लक्षात ठेवा. भारतीय भागीदारी कायदा 1932 सांगतो की वेगळा करार नसेल तर नफाही समान, तोटाही समान. भांडवल कोणी जास्त घातलं हे त्यात बघत नाहीत. जास्त वेळ काम केलं म्हणून पगारही मागता येत नाही. आणि फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो, अर्ध्याला नाही. फर्मची नोंदणी नसेल तर थकलेल्या पैशासाठी कोर्टात दावा लावणंही अवघड होतं.

धडा 4: मधला बॉल कोणाचा?

दोघींच्या बरोबर मधून येणारा बॉल. दोघी बघत राहिल्या तर पॉइंट गेला, दोघी धावल्या तर रॅकेटवर रॅकेट. म्हणून चांगली जोडी आधीच ठरवते, बहुतेक वेळा जिचा फोरहँड मध्ये येतो तिने घ्यायचा. शिवाय प्रत्येक पॉइंटआधी नेटजवळची खेळाडू पाठीमागे हात नेऊन खूण करते. बोलणं थांबत नाही.

माझ्या धंद्यातला मधला बॉल होता उधारी. हेमलकशात दुकान सुरू केलं तेव्हा आम्ही दोघी मैत्रिणी होतो. भांडवल माझं जास्त, वेळ तिचा जास्त, कागद काहीच नाही. तेंदूपत्त्याचा पैसा आला की लोक उधारी फेडतात, हे दोघींना माहीत होतं. पण मागायची कोणी? मला वाटायचं ती मागेल, तिला वाटायचं मी. इथे पावसाळ्याआधी माल भरून ठेवावा लागतो, कारण नाले भरले की आलापल्लीचा रस्ता बंद. त्या वर्षी माल भरायला गल्ल्यात पैसाच नव्हता, सगळा वहीत अडकलेला. मग वाटणीवरून बोलाचाली, आणि भागीदारी संपली. खरं सांगू? लोकांनी आम्हाला बुडवलं नाही. आम्हीच एकमेकींना विचारलं नाही. आजही भेटतो, चहा घेतो, पण दुकानाचा विषय निघाला की दोघी गप्प.

आजचा गृहपाठ

जोडीदारासोबत बसा आणि वहीत लिहा:

1. भांडवल कोणाचं किती? मध्येच लागलं तर कोण घालणार?
2. नफा-तोट्याची वाटणी कशी? रोज दुकानात बसणाऱ्याला वेगळा पगार का?
3. उधारी कोण देणार, किती रुपयांपर्यंत, आणि वसुली कोणाची?
4. रोज गल्ला बंद करताना पाच मिनिटं हिशेब कोण कोणाला सांगणार?
5. वेगळं व्हायचं ठरलं तर माल, उधारी आणि दुकानाचं नाव कोणाकडे?

ही पाच उत्तरं घेऊन जवळच्या वकिलाकडून किंवा सीएकडून भागीदारीचा करारनामा करून घ्या. थोडा खर्च येतो, पण मैत्री मोडण्यापेक्षा स्वस्त पडतो.

तर मैत्रिणीसोबत धंदा करायचा का? जरूर करा. फक्त पहिली सर्व्हिस करायच्या आधी मधला बॉल कोणाचा ते ठरवा.

भेटू पुढच्या धड्यात.