आवाज टोचतो? आधी खोली बघा

नवे स्पीकर कानाला टोचू लागले, तर ते लगेच विकायला काढू नका. दुकानात गोड वाटलेली जोडी शहाद्याच्या आमच्या घरी लावली आणि लता मंगेशकरांच्या गाण्यातला प्रत्येक ‘स’ कानात सुईसारखा शिरू लागला. झांज वाजली की डोकं उठायचं. माझ्या ओळखीच्या एकाने याच त्रासापायी ॲम्प्लिफायर बदलला. पैसे गेले, टोचणी राहिली.

मी आधी हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळीमागून बारीक किणकिण आली. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज आपटत राहिला की असं होतं. दुकानात आवाज शोषणारे खोके, सोफे, गाद्या भरलेल्या असतात. आमच्याकडे वर स्लॅब, खाली टाइल्स, बाजूला काचेच्या मोठ्या खिडक्या. गुळगुळीत टाइल आवाजाचा जेमतेम २ टक्के भाग शोषते, उरलेला परत फेकते. त्यात माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत हळवा. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंती आणि सारवलेली जमीन असायची. तिथे आवाज इतका कडक होत नसे.

म्हणून उपाय या क्रमाने करा. ट्विटरचा, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भोंग्याचा, आवाज अरुंद झोतात पुढे जातो. स्पीकरची तोंडं थेट कानांवर रोखलेली असतील, तर थोडी बाहेर वळवा. याला खर्च शून्य, आणि आमच्याकडे मोठा फरक इथेच पडला. मग स्पीकर आणि बैठक यांच्या मधल्या फरशीवर सतरंजी, तिच्यावर जाड गोधडी अंथरा. काचेवर चुण्या पडतील असा भरपूर रुंद, जाड पडदा लावा. बाजूच्या भिंतीवर कुणाला तरी आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसेल, तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड कापडी पॅनेल ठेवा.

सगळ्या भिंती मात्र कापडाने मढवू नका. पातळ कापड फक्त वरचे सूर खातं, ढोलकीचा घुमारा तसाच राहतो आणि गाणं कोंदट होतं. भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावून तर फारसा उपयोगच नाही.

एवढं करूनही टोचलं, तर ट्रेबल १-२ डेसिबलने उतरवा. ट्विटरचा जोर कायमचा कमी करायचा असेल, तर जाणत्या कारागिराकडून एल-पॅड (दोन रेझिस्टरची जोडणी) बसवून घ्या; नुसता एक रेझिस्टर जोडला तर क्रॉसओव्हरचं, म्हणजे वरचे-खालचे सूर वाटून देणाऱ्या सर्किटचं, गणित बिघडू शकतं. छोट्या ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्ण जोरावर फाटतो, तो कर्कशपणा वेगळा. तो गोधडीने जात नाही, आणि त्यात ट्विटर जळू शकतो.

एका वेळी एकच बदल करा आणि नेहमीची, चांगली ध्वनिमुद्रित झालेली दोन-तीन गाणी त्याच आवाजावर ऐका. एकच गाणं टोचत असेल, तर दोष बहुधा त्या ध्वनिमुद्रणाचा असतो. त्याच्यासाठी खोली बदलू नका.