नाताळची न्याहारी आदल्या दिवशीच
(महिला मंडळासाठी पाठ)

वाचन : लूक १०:३८-४२



मार्थेची गोष्ट आपल्याला पाठ आहे, तरी दर नाताळला आपण मार्थेच्याच जागी उभ्या असतो. गेल्या २५ डिसेंबरला सकाळची उपासना चालू होती आणि बाहेर चुलीपाशी एक ताई एकटीच पोहे परतत होती. आशीर्वादाच्या वेळी ती पदराला हात पुसत आत आली. सगळ्यांनी न्याहारीचे कौतुक केले, पण तिची उपासना मात्र बुडाली होती. यंदा कुणाचीच बुडू नये, म्हणून हा पाठ.

आपल्याला हंगामाचीही साथ आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात डिसेंबरात नवी नाचणी घरात आलेली असते, खुरासणीही असते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नसते. वाढत्या मुलांना आणि बाळंतिणीला देण्यासारखे हे अन्न आपल्याच शेतात पिकते. बाजारातून केक आणता आला नाही, तर मनाला लावून घेऊ नये.

चार दिवस आधी : नाचणीचे लाडू
नाचणीचे पीठ ४ वाट्या, तूप दीड वाटी, किसलेला गूळ २ वाट्या, भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट १ वाटी. तुपात पीठ मंद आचेवर २० मिनिटे, खमंग वास सुटेपर्यंत भाजा. घाई केली तर पीठ कच्चे राहते आणि लाडू टाळूला चिकटतो. खाली उतरवून कोमट झाल्यावर गूळ व कूट मिसळून वळा. वळताना पाण्याचा किंवा दुधाचा हात लावू नका. कोरडे लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज टिकतात.

दोन दिवस आधी : खुरासणीची चटणी
१ वाटी खुरासणी तडतडेपर्यंत भाजा. ८ लसूण पाकळ्या आणि ५ सुक्या मिरच्या वेगळ्या भाजून घ्या. मीठ घालून सगळे जाडसर कुटा. भाकरीबरोबर दुसरे कालवण लागत नाही.

मोड आलेली मटकी
थंडीत मोड उशिरा येतात. म्हणून २३ तारखेच्या सकाळी मटकी भिजवा, रात्री निथळून ओल्या फडक्यात बांधा आणि चुलीजवळच्या उबेला ठेवा. २५ ला सकाळी फोडणी देऊन शिजवली की अर्ध्या तासात उसळ तयार.

आदल्या दुपारी : आंबील
१ वाटी नाचणीचे पीठ २ वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, चमचाभर ताक घाला आणि झाकून ठेवा. उन्हाळ्यात रात्रभर पुरते. डिसेंबरात २४ च्या दुपारीच भिजवावे. सकाळी ५ वाट्या पाणी उकळून त्यात हे पीठ ओता व १० मिनिटे ढवळत शिजवा. उतरवल्यावर मीठ, ठेचलेला लसूण आणि थोडे निवल्यावर ताक. एवढी आंबील सहा जणांना होते.

आदल्या रात्री काय करू नये
मोठ्या पातेल्यातला भात करून ठेवू नका. घरी उरलेला वाडगाभर भात लवकर गार होतो, म्हणून तो सहसा बाधत नाही. पन्नास माणसांचा भात मात्र मधोमध कित्येक तास कोमट राहतो. तांदळातल्या काही जिवाणूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. त्या कोमटपणात ती वाढतात व विष तयार करतात, आणि हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मग सणाच्या दिवशीच मुलांना उलट्या सुरू होतात. दुधाची खीर आणि ओल्या खोबऱ्याची चटणी यांचेही तेच. हे पदार्थ करायचेच असतील तर ताजे करा, किंवा दुपारच्या जेवणासाठी ठेवा.

२५ ची सकाळ
उपासनेआधी तासभर पुरतो. एका चुलीवर आंबील, दुसरीवर उसळ, तिसरीवर भाकरी. पाणी आणणे, सरपण फोडणे, आंबील ढवळणे ही कामे मुलगे आणि पुरुषांनी करावीत. त्यांना ती येतात. भांडी झाकून, निखारे पसरून सर्वांनी मिळून आत जावे. बाहेर आल्यावर उसळ आणि आंबील पुन्हा गरम करून वाढावी. शेजारपाजारचे कोणीही दारात आले तर पहिले ताट त्यांचे.

मंडळात बोलण्यासाठी
१. गेल्या नाताळला आपल्यापैकी कोण चुलीपाशी राहिली? तिला कुणी विचारले होते का?
२. यंदा कोणते काम कोणत्या घराकडे? नावे आजच लिहून काढा.
३. मार्थेचे काम वाईट नव्हते. मग तिची अडचण नेमकी कशात होती?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जिच्याकडे असेल, तिला यंदा उपासनेत पुढच्या सतरंजीवर बसवा.