स्वस्त इंजिनाला आवाज देण्याआधी

डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाची धडधड ज्याच्या कानात लहानपणापासून बसली आहे, त्याला मुकं मॉडेल फार दिवस सहन होत नाही. त्या इंजिनात आल्को कंपनीच्या रचनेचं २५१ जातीचं, १६ सिलिंडरचं यंत्र होतं. त्याच यंत्राचा आवाज भरलेले साउंड डिकोडर आज विकत मिळतात. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून अनेकांना हा नाद लागतो आणि बहुतेक जण सुरुवात स्वस्तातल्या इंजिनाने करतात. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

माझं १:८७ प्रमाणातलं एचओ इंजिन साधं, डीसीवर चालणारं होतं. ‘डिकोडर सरळ जोडा, बाकी काही करावं लागत नाही,’ असं विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. पाम या आमच्या गावच्या घरी तारा जोडल्या, इंजिन रुळावर ठेवलं आणि क्षणात जळका वास आला. इंजिनापेक्षा महाग डिकोडर गेला. उघडून पाहिलं, तर मोटरच्या खालच्या ब्रशची पत्ती धातूच्या चासिसला टेकलेली होती आणि एका बाजूच्या चाकांची वीजही त्याच चासिसमधून येत होती.

डीसीत ही रचना बिनबोभाट चालते, कारण तिथे रुळातली वीजच मोटरला द्यायची असते. डीसीसीत, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, मात्र रुळांवर कायम १४-१५ व्होल्ट असतात आणि मोटरला किती वीज द्यायची ते डिकोडर ठरवतो. मोटरचं एक टोक रुळाला जोडलेलं राहिलं, तर रुळातली वीज थेट डिकोडरच्या आउटपुटमध्ये शिरते. म्हणून सोल्डरिंगला हात घालण्यापूर्वी मोटर पूर्ण वेगळी करा. मल्टीमीटर बीपवर ठेवून मोटरची दोन्ही टोकं चासिसशी आणि दोन्ही बाजूंच्या चाकांशी तपासा. बीप वाजता कामा नये. पत्ती टेकत असेल तिथे कॅप्टॉन टेप लावा आणि स्क्रू कसल्यावर पुन्हा तपासा.

दुसरी तपासणी मोटरच्या भुकेची. १२ व्होल्ट डीसी देऊन चाकं क्षणभर धरून ठेवा आणि किती अँपिअर लागतात ते बघा. एचओचे बरेचसे डिकोडर सलग १ अँपिअरच्या आसपास पेलतात. आकडा डिकोडरच्या मर्यादेपलीकडे गेला, तर आधी मोटर बदला.

मग तारा. लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या रुळाकडून. नारिंगी आणि करडी मोटरला. निळी ही दिव्यांची सामाईक तार, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची. एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. मोटरवरचे जुने कपॅसिटर काढून टाका. सोल्डर केलेल्या प्रत्येक जोडावर स्लीव्ह चढवा.

स्पीकर डिकोडरच्या पत्रकात दिलेल्या ओहमचाच घ्या आणि त्याची डबी हवाबंद करा. उघड्या स्पीकरमधून आल्कोची धडधड येत नाही, नुसती किरकिर येते.

इंजिन पहिल्यांदा प्रोग्रामिंगच्या रुळावरच ठेवा. तिथे वीज मर्यादित असल्याने जोडणीतली चूक सहसा डिकोडरच्या जिवावर बेतत नाही. नव्या डिकोडरचा पत्ता बहुधा ३ असतो. तो वाचता आला नाही, तर मुख्य रुळावर नेऊ नका, जोडणी पुन्हा तपासा.

आमच्या पालघर-तारापूरच्या किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. खाऱ्या, दमट हवेने रूळ आणि चाकं लवकर काळवंडतात. स्वस्त इंजिन मोजक्याच चाकांतून वीज घेतं. ती क्षणभर तुटली की आवाज बंद पडून इंजिन पुन्हा ‘सुरू’ होण्याचा आवाज येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चाकं पुसा, सगळ्या चाकांवर वीज घेणाऱ्या पत्त्या बसवा आणि जागा असेल तर कीप-अलाइव्ह कपॅसिटर लावा.

मुकं असताना जे इंजिन संथ गतीने अडखळत चालतं, ते आवाज बसवल्यावरही अडखळणारच. पहिला खर्च मोटर, चाकं आणि मल्टीमीटरवर करा. डिकोडर त्यानंतरच मागवा.