होडी लोटताना पाळावयाची रीत

डहाणू व तलासरी ह्या दोन तालुक्यांतील आपल्या मंडळ्यांपैकी काही समुद्राच्या काठी आहेत, तर काही डोंगराच्या पायथ्याशी. तथापि आजचा पाठ दोघांकरिताही आहे. झाई, धाकटी डहाणू, वरोर, चिंचणी ह्या गावांतील कित्येक घरे होडीवरच जगतात हे सर्वांस ठाऊक आहे. आणि तलासरीकडील पाड्यांतून दरवर्षी पुष्कळ तरुण खलाशी म्हणून डहाणूसच नव्हे, तर थेट वेरावळ, पोरबंदर, ओखा येथपर्यंत जातात, हे ज्यांच्या घरचे गेले आहेत त्यांस सांगावयास नको. ह्या तरुणांस जाळे कसे ओढावे हे तांडेल शिकवतो. परंतु धक्क्यावर कसे वागावे हे त्यांस कोणी बसवून शिकवत नाही. ते शिव्या खाऊन शिकावे लागते. म्हणून उपदेशकांनी हा पाठ रात्रीच्या वर्गात सावकाश वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

ज्या उतरत्या फरशीवरून होडी पाण्यात सोडतात, तिला कोणी उतार म्हणतात, कोणी बंदर, कोणी धक्का. आम्ही येथे धक्काच म्हणू. ही जागा कोणा एकाची नव्हे. शेताला बांध असतो, विहिरीला निदान काठ असतो आणि पाणी दुपारीही तेथेच असते. धक्क्यावर मात्र बांध नाही आणि पाणी थांबत नाही. धक्क्यावरील सारे तंटे ह्या दुसऱ्या गोष्टीतून निघतात. जागा अपुरी आहे हे खरे, परंतु त्याहून वेळ अपुरा आहे. म्हणून प्रथम पाण्याचा हिशेब समजून घेऊ.

एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. त्यामुळे आज सकाळी ज्या वेळेस पाणी भरले, उद्या त्याहून सुमारे ५० मिनिटे उशिराने भरेल. पौर्णिमा व अमावास्या ह्यांच्या सुमारास उधाण येते, म्हणजे पाणी फार चढते व फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार थोडा. किनाऱ्याने जसजसे उत्तरेस खंबायतच्या आखाताकडे जावे, तसतसा हा चढउतार वाढत जातो. म्हणूनच बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीस समुद्र इतका दूर गेलेला दिसतो की नवख्या माणसास तो आटला असे वाटावे.

वडील माणसे घड्याळावाचून भरतीची वेळ सांगत, ती अशी: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. तेव्हा पहाटे साडेचारास व पुन्हा सायंकाळी त्याच सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि मुंबईपेक्षा डहाणूस पाणी काहीसे उशिरा भरते. आता भरतीओहोटीची छापील कोष्टके मिळतात व मोबाईलवरही वेळ दिसते. ती अधिक बरोबर असते. तरी मोबाईलची कळा संपली की तिथीच कामास येते, एवढे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

पुढील गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते, म्हणून उपदेशकाने ती फळ्यावर काढून दाखवावी. पाणी सहा तासांत उतरते, परंतु दर तासास सारखे उतरत नाही. सगळ्या उताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. समजा त्या दिवशीचा उतार ४ मीटर आहे. तर पहिल्या तासात पाणी हातभरसुद्धा खाली जात नाही, आणि तिसऱ्या तासात मात्र पुरे १ मीटर जाते. आता धक्क्याची फरशी दर ८ मीटरांस १ मीटर उतरती आहे असे धरा. मग त्या तिसऱ्या तासात पाण्याची कड धक्क्यावरून ८ मीटर मागे सरकेल. म्हणजे दहा मिनिटे गप्पा मारल्या तर सुमारे तीन हात, आणि वीस मिनिटे मारल्या तर सहा हात. पुढे फरशी संपली की चिखल लागतो, आणि चिखलात रुतलेली होडी दहा माणसांनाही हलत नाही.

हा हिशेब आम्ही पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. तो आम्ही आमच्या चुकीतून शिकलो, आणि ती चूक सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर आम्ही एका खाडीच्या धक्क्यावर गेलो होतो. ओहोटी लागून दोन तास झाले होते. एक तांडेल आपली मोठी होडी अगदी पाण्याच्या कडेस आणून उभा होता, आणि त्याच्या होडीवर आमच्या ओळखीचे तलासरीकडील दोन तरुण पहिल्यांदाच खलाशी म्हणून चालले होते. आम्ही त्यांस निरोप द्यावयास गेलो आणि तांडेलाशी बोलत राहिलो. मुलांस पोहता येते काय, पगाराची उचल किती दिली, परत केव्हा येणार. प्रश्न सारे योग्यच होते, परंतु ते विचारण्याची जागा योग्य नव्हती. तांडेल भला माणूस. पाळकाचे बोलणे मध्येच कसे तोडावे म्हणून तो हात जोडून उत्तरे देत राहिला. मागे एक लहान होडी उभी होती. त्यावर एक पोरगेलासा मुलगा व त्याचा मामा. त्यांनी एकदोनदा आमच्याकडे पाहिले आणि ते खाली बसले. आम्हांस वाटले, किती शांत माणसे!

वीस मिनिटांनी मोठी होडी मोठ्या कष्टाने पाण्यात गेली. लहान होडी पुढे आणेपर्यंत फरशीखालचा चिखल उघडा पडला होता. त्या दिवशीचे पाणी त्यांचे गेले. बर्फ भरलेला, डिझेल उधारीचे, आणि मुलाची आई विधवा, हे आम्हांस मागाहून कळले. मासळी विकावयास आलेली एक म्हातारी जवळ पाटी घेऊन बसली होती. ती आम्हांस म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही बोलत होता म्हणून आम्ही गप्प राहिलो. पाणी काही गप्प राहिले नाही."

तेव्हापासून धीर ह्या शब्दाविषयी आमची समजूत बदलली आहे. त्या मामाभाच्यांचा धीर पाहून आम्ही मनात त्यांची वाखाणणी केली, पण तो खरा धीर नव्हे; ती मोठ्या माणसाची भीड होती. धक्क्यावर थांबणाऱ्याने शांत असावे, परंतु मुके असू नये. वेळेवर बोलावे आणि मर्यादेने बोलावे: "दादा, तुम्हांला किती वेळ लागेल? पाणी फिरले आहे." एवढे पुरे. ह्यात अपमान कोणाचाच नाही. आणि हे बोलावयाचे ते पाणी चांगले पुष्कळ असताना. चिखल दिसू लागल्यावर जे बोलणे निघते त्याला मर्यादा राहत नाही. पुढच्याने तर ही पाळी मागच्यावर येऊच देऊ नये. आपल्यास उशीर होणार असे दिसताच त्याने स्वतः मागे वळून विचारावे, "काका, तुमची लहान आहे, आधी काढता काय?" लहान होडी दोन मिनिटांत जाते, ती गेल्याने मोठ्याचे काही बिघडत नाही.

उशीर बहुधा कशाने होतो? जे काम वर करावयाचे ते खाली केल्याने. डिझेल भरणे, बर्फ फोडणे, जाळ्याचा गुंता सोडवणे, पिण्याचे पाणी, दिवा, होडीची कागदपत्रे व प्रत्येकाचे ओळखपत्र पाहणे, जीवरक्षक जाकिटे माणसांइतकी आहेत काय हे मोजणे, इंजिन एकदा चालवून पाहणे, ही सारी कामे धक्क्याच्या वर, वाट सोडून, करावी. मग होडी खाली आणावी, लोटावी आणि लागलीच दूर न्यावी. राहिलेले सामान लावणे असेल तर पुढे जाऊन नांगर टाकून लावावे. अमेरिकेसारख्या देशांत हौशी लोक मोटारीमागे गाडा जोडून त्यावर होडी आणतात. तेथेही धक्क्याच्या वर तयारीसाठी निराळी जागा राखतात, आणि गाडा पाण्याशी उतरवून मग सामान भरू लागणाऱ्यास असभ्य समजतात. म्हणजे श्रीमंताची करमणूक असो की गरिबाची भाकर, भांडणाचे मूळ एकच.

नवख्या खलाशांस तीन गोष्टी विशेष करून सांगाव्या. ओंडक्यांवरून होडी सरकत असता तिच्या खालच्या बाजूस कधी उभे राहू नये; ती सुटली तर कोणाचे ऐकत नाही. हाताभोवती दोराचा वेढा घेऊ नये. आणि लोटताना हुकूम एकाच्याच तोंडून यावा; चौघे ओरडू लागले की होडी तिरपी होते व कोणाचा तरी पाय सापडतो. शेवाळाने फरशी निसरडी असते हे सांगणे नलगे, तरी दर हंगामात कोणी तरी धावतोच.

आता एक कठीण प्रश्न. एक होडी बाहेर जावयास उभी आहे आणि दुसरी मासळी घेऊन परत आली आहे. आधी मान कोणाचा? काही म्हणतात, परत आलेल्याचा, कारण मासळी नासते व माणसे थकलेली असतात. काही म्हणतात, जाणाऱ्याचा, कारण त्याचे पाणी जाते. आमचे मत असे की पाणी उतरत असेल तर जाणाऱ्यास आधी वाट द्यावी. मासळीवर बर्फ घालता येतो, पाण्यावर घालता येत नाही. परंतु होडीत कोणी आजारी वा जखमी असेल तर सर्व नियम बाजूस ठेवावे. जेथे मच्छीमार संस्थेने किंवा गावाने काही रीत ठरवली आहे, तेथे तीच पाळावी, ती आपल्या मताविरुद्ध असली तरी. आणि पाट्या घेऊन खालीवर करणाऱ्या बायांची वाट कोणीही अडवू नये. त्यांच्या डोक्यावर ओझे असते, त्यांस मागे सरकता येत नाही.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. ह्या दिवसांत होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, घरात पैका नसतो. त्यामुळे बंदी उठताच सर्वांस एकाच भरतीस निघावयाचे असते, आणि वर्षातील पुष्कळ तंटे ह्याच आठवड्यात होतात. ज्यांस हे ठाऊक आहे त्यांनी आदल्या सायंकाळी एकत्र बसून क्रम ठरवावा. आपल्या मंडळीतील वडिलांनी त्या बैठकीस जावे, पण पुढारीपण करावयास नव्हे.

धक्का मोकळा ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि डहाणूकरांस ते विसरता येणार नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांस फिरावयास घेऊन गेलेली एक बोट उलटली. तीत ४० च्या आसपास मुलेमुली होती. बहुतेकांस वाचवण्यात आले, परंतु काही मुलींचा अंत झाला. त्या दिवशी मदतीस गेलेल्यांत तटरक्षक दलाबरोबर आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारही होते. अशा वेळी निघणाऱ्या होडीपुढे कोणाची जाळी, कोणाची दुचाकी, कोणाची बर्फाची पेटी आडवी असेल तर? त्याचप्रमाणे हौशी मंडळीस होडीत चढवताना, "आणखी दोघे बसतील" असे जो म्हणतो, त्यास धक्क्यावरच थांबवावे. माणसे मोजून, प्रत्येकाच्या अंगावर जाकीट घालूनच होडी सोडावी. समुद्रावरील संकटात तटरक्षक दलास १५५४ ह्या क्रमांकावर कळवता येते. हा क्रमांक उपदेशकांनी सर्वांकडून पाठ करून घ्यावा.

पुढील वर्गाकरिता एक उदाहरण देतो. दशमी आहे. पाऊणपटीच्या हिशेबाने सकाळची पूर्ण भरती किती वाजता येईल? ओहोटीचा तिसरा तास केव्हा लागेल? आणि ज्याच्या पुढे दोन होड्या आहेत, त्याने डिझेल व बर्फ घेऊन घरून किती वाजता निघावे? उत्तर एकट्याने काढू नये. ज्यांच्या घरी होडी आहे आणि ज्यांच्या घरी नाही, अशांनी जोडीने बसून काढावे.